चढाला पॉवर सोडणारी गाडी

नारपोलीहून काल्हेरला जाताना वाटेत एक पूल लागतो. त्याच्या अर्ध्या चढावर पोचली की आमची बॅटरीवरची मोटारसायकल पॉवर सोडायची. आधी दम लागल्यासारखी हळू व्हायची आणि मग डिस्प्लेसकट सगळं विझायचं. मग हे, म्हणजे माझे मिस्टर, खाली उतरून ती ढकलत वर न्यायचे. मागचे कंटेनरवाले हॉर्नवरून हात काढायचे नाहीत. ह्यांना त्यातलं फारसं ऐकू येत नसे.

ह्यांचं आयुष्य लूमच्या, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांच्या, फिटरकीत गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने धडधडणारे लूम, आणि त्यांच्यामध्ये वाकून कुठे काय ढिलं झालंय ते बघणारे हे. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही, हाताने खुणा करतात. लग्न झालं तेव्हा हे जरा मोठ्याने बोलायचे, एवढंच. मग घरातला टीव्ही मोठा झाला, मग माझा आवाज मोठा झाला. शेवटी बोलायचं असलं की मी ह्यांच्या समोर येऊन उभी राहायला लागले, ओठ दिसावेत म्हणून. दवाखान्यातून कानाचं मशीन आणलं होतं. त्यात भांड्यांचा, रस्त्याचा, माणसांचा आवाज सगळा एकदम यायचा आणि ह्यांचं डोकं उठायचं. ते कपाटात गेलं.

कारखान्याच्या शेठने लूम भंगारात काढले तेव्हा हे मुद्दाम बघायला गेले. गॅसकटरने कापून ट्रकमध्ये भरत होते. घरी आल्यावर म्हणाले, "कोपऱ्यातला तो अजून चालला असता." त्यानंतर बरेच दिवस ह्यांनी सकाळी डबा मागितला नाही. माझी साड्यांना फॉल लावायची कामं चालू होती. माझ्या शिलाई मशीनचा पट्टा हे सारखा करत बसायचे, करायची गरज नसली तरी.

मग ओळखीतून काल्हेरच्या एका गोदामात काम लागलं. ट्रकमधून खोकी उतरवायची, रॅकला लावायची. जायला रिक्षाचा भरवसा नव्हता. घरात जुनी मोटारसायकल पडून होती, इंजिन कामातून गेलेली. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी एक दुकान होतं, तिथे अशा गाड्यांना बॅटरी आणि मोटर बसवून द्यायचे. इंजिनाच्या जागी बॅटरीची पेटी आली, मागच्या चाकात मोटर आली. गाडी तयार झाल्यावर ह्यांनी मला मागे बसवून चक्कर मारली.

"आवाजच न्हाय हिला," असं म्हणून हसले. किती दिवसांनी हसत होते.

काही महिने गाडीने नीट साथ दिली. मग पुलाची भानगड सुरू झाली. तोवर त्या दुकानाचं शटर खाली गेलं होतं आणि शेजारच्यालाही मालक कुठे गेला ते माहीत नव्हतं. शिफ्टला उशीर व्हायला लागला. उशिरा पोचलं की गेटवर थांबवायचे, नाव विचारायचे, आत सोडायचे.

रविवारी हे गाडी दारात काढून बसायचे. लूमचं करायचे तसंच करायचे, आधी सोपं, मग अवघड. ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक छोटा स्विच असतो, ब्रेक दाबला की तो मोटर थांबवतो. तो अडकत असेल म्हणून ह्यांनी त्याची वायर सोडवून ठेवली. पुलावर जाऊन आले. पुन्हा तेच. मग एकेक वायर तपासायला घेतली. मीटरच्या दोन सुया वायरीच्या दोन टोकांना लावायच्या, वायर कुठे तुटलेली नसेल तर मीटर वाजतो. पण तो आवाज चिमणीच्या पिलाएवढा. म्हणून मला शेजारी बसवलं.

"वाजला?"

मी मान हलवायची.

"हा?"

पुन्हा मान. सगळ्या वायरी वाजल्या. एक तरी वाजू नये असं मला वाटत होतं, म्हणजे दोष सापडला असता.

मग ह्यांनी बॅटरीपासून दोन वायरी काढून मीटरला जोडल्या आणि मीटर माझ्या मांडीवर दिला. मी मागे बसून व्होल्टचा आकडा बघायचा, आकडा पडायला लागला की खांद्यावर थाप मारायची. रस्त्याने लोक बघत होते. चढ सुरू झाला तसा आकडा घसरायला लागला. मी थाप मारली. अजून घसरला, मी अजून मारली. मग आकडा एकदम शून्यावर आला आणि गाडी थांबली. कडेला उभे राहून ह्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, हळूहळू पडला की झटक्यात? मी हातानेच दाखवलं, असा असा, आणि मग धप्प.

"म्हंजे बॅटरीच बसते," हे म्हणाले. "मोटर बरी हाय."

कल्याण रोडला बॅटरीचं काम करणारा एकजण होता. त्याने पेटी उघडली. आत बोटाएवढ्या सेलांच्या ओळी चिकटवलेल्या. एकेक ओळ तपासून त्याने एकीवर पेनाने खूण केली. "चाचा, ये लाइन डाउन है. लोड आते ही बैठ जाती है, तो सर्किट पूरी बॅटरी काट देता है."

मी ह्यांच्या समोर येऊन ते मराठीत सांगितलं.

"मग तेवढी बदलायला सांग."

"बदल दूँगा," तो म्हणाला, "लेकिन पुराने के साथ नया टिकता नहीं. आज ये गई, कल दूसरी जाएगी."

हेही सांगितलं. ह्यांनी बदलायला लावली. त्या संध्याकाळी गाडी पूल चढून पलीकडे उतरली. हे येताना भजी घेऊन आले.

थोड्याच दिवसांत ती पुन्हा त्याच चढावर थांबली. आणि त्याच आठवड्यात ह्यांना गेटवरून परत पाठवलं. "लेट झाला म्हणून," हे घरी येऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. पुलावर दोघांनी मिळून गाडी ढकलली. हे बाहेर गाडीशी थांबले आणि मी सुपरवायझरला भेटले. तरुण माणूस होता, त्याने मला खुर्ची दिली.

"उशिराचं सोडा ताई," तो म्हणाला, "उशीर सगळ्यांनाच होतो. परवा मागून फोर्कलिफ्ट येत होती. हॉर्न चालू, लोडर ओरडतायत, हे खोकं घेऊन मधेच उभे. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून वाचले. उद्या काही झालं तर तुम्हाला काय तोंड दाखवू?"

"बसून करायचं काही असेल तर?"

"बसून आहे ते कॉम्प्युटरचं आहे, ताई."

मी बाहेर आले. ह्यांनी सीट उचलून आत हात घातला होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि ओठ नीट हलवत सांगितलं, "गाडीमुळे नाही काढलं. ऐकू येत नाही म्हणून काढलं."

ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा सीटखाली हात घातला. मग म्हणाले, "कनेक्टर गरम लागतोय. हात लावून बघ."

मी हात लावला. खरंच गरम होता. घरी येऊन पुन्हा सांगितलं.

"कळलं मला," हे म्हणाले. "पण गाडी तर नीट झाली पायजे ना."

त्यानंतर हे रस्त्यावरच्या एकेका गोदामात विचारून आले. कुठे गेटवरच वॉचमनने काय विचारलं ते कळलं नाही, कुठे आत घेऊन परत पाठवलं. गाडी पुलाच्या आधीच थांबायला लागली, मग चालत जायला लागले. सेलांची दुसरी ओळ गेली, मग ह्यांनी मोजायचं सोडलं.

पावसाळ्यात गणेशपुरीजवळच्या गावाहून दीर आले आणि भाताच्या लावणीला माणूस हवं म्हणून ह्यांना एस.टी.ने घेऊन गेले. लावणी होऊन गेली, हे आले नाहीत. फोनवर ह्यांना माझं बोलणं कळत नाही, म्हणून मी दिरांशी बोलते.

"बरा हाय," दीर म्हणतात. "बोलत न्हाय जास्ती. गाडी चार्जिंगला लावतीस का, ते विचारतो रोज."

"लावते म्हणून सांगा."

लावते तेही खरं आहे. पण चार्जर जोडला की त्याचा दिवा लगेच हिरवा होतो, बॅटरी भरल्यासारखा. आत काहीच जात नाही.