टॉर्च मी बसवला होता

तुम्ही कधी एखाद्या माणसाची जाहीर बाजू घेऊन त्याला बुडवलंय का?

मी बुडवलंय. वर त्याबद्दल टाळ्याही घेतल्यात. ही गोष्ट मी दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती — आईला नाही, खोलीतल्या मैत्रिणीला नाही, आणि ज्या वहीत मी स्वतःला रोज फटकारते त्या वहीतही नाही. लिहून तर आजच काढतेय. वाटलं होतं हात जड होईल. झाला नाही. फार दिवस आवळून धरलेली मूठ सोडल्यासारखं वाटतंय — बोटं जरा ठणकतात, पण मोकळी आहेत.

बघा, अजून मुद्द्यावर येत नाहीये. सवय आहे.

मी निपाणीची. आई विडी कामगारांच्या संघटनेत होती. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. इतर मुलं चित्रं बघून अक्षरं शिकली असतील, मी ‘जबाबदार कोण?’ या मथळ्यावरून शिकले. भिंतीला खळ लावायची, कागद सरळ बसवायचा, तळहातानं वरून खाली पुसायचा — हे मला स्वेटर विणण्यासारखं येतं. बंगळुरूत नोकरीला आले, मोबाइलच्या अॅपमधली दोन-दोन ओळींची वाक्यं लिहायची नोकरी, तरी पत्रकं सुटली नाहीत. कुठं काही चुकीचं दिसलं की माझं पेन आधी पेटतं, मी नंतर.

बंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या एका गल्लीत आम्ही काही हौशी लोकांनी मिळून वेल्डिंगसाठी एक गाळा घेतला होता. कुणी दिव्यांचे स्टँड करायचं, कुणी सायकलची चौकट. रविवारी परशराम अण्णा शिकवायला यायचे. बेळगावकडचे. आनेकलच्या एका कारखान्यात वेल्डर — सहा दिवस तिथं उभं राहायचं आणि सातव्या दिवशी दोन बस बदलून आमच्याकडे. गाळ्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे बाकीच्यांना ते हिंदीत, कन्नडात समजावून सांगायचे आणि मला मराठीत झापायचे. मी डावखुरी. “अगं डावरे, तुझ्या गावात सूर्य पण मागल्या दारानं उगवतोय काय?” सगळ्यांसमोर. मी चिडायचे, ते हसायचे, आणि मग माझं मनगट धरून टॉर्चचा कोन नीट करून द्यायचे.

गाळ्याचा एक नियम होता. मशीनमध्ये जो काही बदल करेल, त्यानं लगेच स्टीलच्या एका पट्टीवर जोडाची एक ओळ ओढायची, पट्टीवर आपलं नाव आणि वार लिहायचा आणि ती मशीनशेजारच्या खिळ्याला टांगायची. ओळ चांगली येवो, वाईट येवो — टांगायची. हा नियम कुणी केला? मी. लाल अक्षरांत लिहून भिंतीला कुणी चिकटवला? मी. त्याखाली एक वाक्यही होतं: लपवलेली चूक दुसऱ्याच्या अंगावर पडते.

हो. तेही माझंच.

आमचं टिग वेल्डिंगचं मशीन स्वस्तातलं, हौशी कामाचं. त्याच्याबरोबर आलेला टॉर्च — म्हणजे हातात धरायची ती मूठ, जिच्यातून वीजही येते आणि जोडाला हवेपासून वाचवणारा आर्गन वायूही — अगदीच वाईट. जड, आणि मागची नळी काठीसारखी ताठ. अर्ध्या तासात मनगट भरून यायचं. मग नवा मागवला, वळणाऱ्या मानेचा, मऊ नळीचा. खोकं आठवडाभर फळीवर होतं. अण्णा म्हणाले होते, “रविवारी येतो, मी बसवून देतो. स्वल्प थांब.”

मी थांबले नाही. का नाही? तेव्हा मी नुकतंच एक पत्रक काढलं होतं — अवजारं ही पुरुषांची जहागीर नाही, असं काहीतरी. अण्णा रविवारी येतील, बघतील टॉर्च बसलेला आहे, विचारतील कुणी बसवला, आणि मी शांतपणे हात वर करीन. एवढंच हवं होतं मला. एक शाबासकी.

शनिवारी दुपारी गाळ्यात कुणी नव्हतं. जुन्या टॉर्चचा विजेचा जाड प्लग पाव फेरा फिरवून निघाला, नवा तसाच बसला. बटणाची बारीक पिनही बसली. वायूचं तोंड मात्र जुळेना. मग गल्लीतल्या दुकानातून पितळेचा एक जोडतुकडा आणला, त्याच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली आणि पान्यानं आवळला. टेप गुंडाळायची एक दिशा असते — आवळताना ती आत बसली पाहिजे, उलगडता कामा नये. मी गुंडाळली ती माझ्या हाताला सोपी पडली तशी. उलटी. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही बघितलं नाही. अण्णा ते दर वेळी बघायचे.

मग पट्टीवर ओळ ओढली. ती चांदीसारखी यायला हवी होती. आली ती चुलीतल्या राखेसारखी, करडी, बारीक भोकाभोकांची.

आणि मी काय केलं? स्वतःला सांगितलं की पट्टी मळकी असेल. पट्टी अजून कोमट होती, ती चिंधीत गुंडाळून पिशवीत टाकली. खिळ्याला टांगली नाही. घाई होती मला — के. आर. पुरमला सभा होती, तिथं मला बोलायचं होतं. विषय? कामगारांची सुरक्षितता. हे मी बनवून सांगत नाहीये. बनवता आलं असतं तर जरा बरं काही बनवलं असतं.

रविवारी सकाळी आठला दोन शिकाऊ मुली आल्या. शेजारी वसंतक्कांचं इडलीचं छोटं हॉटेल, त्याच्या तीन पायऱ्या फार उंच. अक्कांचे गुडघे दुखायचे, म्हणून गाळ्यातर्फे त्यांना स्टीलचा कठडा करून द्यायचं ठरलं होतं. मुलींनी त्याच मशीनवर तो जोडला. जोड काळपट आले, त्यांना वाटलं असंच येतं. घासून, पॉलिश करून चकचकीत केला आणि दहाच्या आत नेऊन बसवलाही.

अण्णांची बस उशिरा आली. अकरानंतर ते पोचले तेव्हा नवा टॉर्च बसलेला. त्यांनी सवयीनं साबणाचं पाणी लावलं, गळती दिसली, टेप काढून सरळ गुंडाळली. ओळ ओढून बघितली — लखलखीत. आणि नियमाप्रमाणे पट्टीवर लिहिलं: परशराम, रविवार. खिळ्याला टांगली. सकाळी त्याच मशीनवर कठडा झालाय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माझी चूक त्यांनी दुरुस्त केली आणि माझा नियमही त्यांनीच पाळला.

तीन आठवड्यांनी कठडा जोडातून सुटला आणि वसंतक्का पायऱ्यांवरून पडल्या. मनगट मोडलं. त्यांना उचलणाऱ्यांत मी होते. त्यांच्या हातातली वाटी दूरवर जाऊन फिरत राहिली होती, ती मी थांबवली — हे मला का आठवतंय कुणास ठाऊक.

गाळ्यात बैठक झाली. त्या दोन मुली तोवर गाळा सोडून गेल्या होत्या, त्यामुळे कठडा अण्णा यायच्या आधीच झाला होता हे सांगायला कुणी नव्हतं. कठड्याचे जोड भोकाभोकांचे निघाले, म्हणजे वायू गळत होता, म्हणजे टॉर्च नीट बसवला नव्हता. बसवणार कोण होतं? अण्णा. त्या रविवारची पट्टी — तिच्यावरची ओळ लखलखीत आहे हे कुणी बघितलं नाही — कुणाच्या नावाची? अण्णांची. ते एवढंच म्हणाले, हिंदीत, की मी आलो तेव्हा टॉर्च बसलेला होता. कुणीतरी विचारलं, मग कुणी बसवला?

अण्णांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते समोरच्या पंख्याकडे बघत होते, बराच वेळ. आता कळतं, ती वेळ ते मला देत होते. मी ती वापरली नाही. माझ्या पिशवीत, पायाशी, ती करडी पट्टी होती.

इथपर्यंत भित्रेपणा. असा भित्रेपणा पुष्कळांच्या हातून होतो. पुढं केलं ते मात्र फक्त माझ्यासारखीलाच सुचतं.

मी पत्रक लिहिलं. अण्णांच्या बाजूनं! पिवळा कागद, मथळा: ‘चूक हातांची की आठवड्याची?’ सहा दिवस कारखान्यात राबून सातव्या दिवशी दोन बस बदलून येणाऱ्या माणसाच्या हातून एक जोड सैल राहिला, तर दोष कुणाचा? त्याच्या थकव्याचा हिशेब कोण मांडणार? असं बरंच. त्यात अण्णांचं नाव होतं, मोठ्या प्रेमानं घातलेलं. लोक हलले. एका मैत्रिणीनं कन्नडात केलं. मराठीतलं बेळगाव, निपाणी, पुण्यापर्यंत फिरलं. गाळ्यातल्यांनी अण्णांना मोठ्या मनानं माफ केलं.

जे त्यांनी केलंच नव्हतं, त्याची माफी. आणि ती मी मिळवून दिली.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या हातात एक प्रत दिली. त्यांनी उभ्यानं सगळं वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं. म्हणाले, “चांगलं लिहिलीस. पण मी बसवलोच नव्हतो की गं.” त्यानंतर ते आले नाहीत.

दोन वर्षं. ती पट्टी पिशवीतून कपाटात गेली, कपाटातून गादीखाली. या काळात मी किती जणांना जबाबदार कोण म्हणून विचारलं असेल?

गेल्या महिन्यात गाळ्यात एक नवी मुलगी आली. अण्णांना तिनं कधी पाहिलेलं नाही. मी टॉर्चची टेप बदलत होते, ती सहज म्हणाली, “ते टॉर्च चुकीचा बसवणारे अण्णा, ते इथलेच ना? तुमच्या पत्रकात वाचलं.” चांगल्या मनानं म्हणाली, हळहळून. तेव्हा मला दिसलं की दहा वर्षांनी ते माणूस म्हणून कुणाला आठवणार नाहीत. माझ्या वाक्यातली चूक म्हणून आठवतील.

त्याच आठवड्यात रविवारी आनेकलची बस पकडली. अण्णा घरापुढं खाट विणत बसले होते. मी काही बोलायच्या आधी पट्टी पुढं केली. त्यांनी चिंधी सोडली, पट्टी उन्हात धरली.

“अगं बाई, हा जोड आहे का शेणी?”

मी सांगितलं. सगळं, उभ्यानंच. ते दोरी ओढत ऐकत राहिले. मग म्हणाले, “टेप बघूनच समजलो होतो. उलटी गुंडाळणारी डावरी त्या गाळ्यात एकच.” मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाही? त्यांचा हात थांबला. “एकदा बोललो की. दुसऱ्यांदा बोलायला मी काय चोर आहे?”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, चहा दिला, तो प्यायले. गाळ्यात परत याल का विचारल्यावर म्हणाले, “नको. रविवार आता घरातच बरा वाटायलाय.” ते बोलणं कडवट नव्हतं. पण ते परत येणार नाहीत.

मग वसंतक्कांकडे गेले. त्यांचा उजवा हात अजून पुरता वळत नाही, सांबार त्या डाव्यानं वाढतात. कन्नडात म्हणाल्या, टॉर्च-बिर्च मला कळत नाही, पण मला उचललंस तेव्हाच सांगायचं होतंस. मग पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळल्या.

परवा गाळ्यात सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एकजण उठून बाहेर गेला, तो परत आला नाही. करडी पट्टी मी खिळ्याला टांगली — नाव, शनिवार. अण्णांची अजून तिथंच होती, धूळ बसलेली. पुसली. आता दोन्ही शेजारी आहेत; वार बघून आधीची कुठली, नंतरची कुठली ते कुणीही लावू शकतं. त्या दुपारी मी वसंतक्कांकडे दोन प्लेट इडली खाल्ली. दोन वर्षांत तिथं बसून काही खाल्लं नव्हतं, आणि इडली फारच चांगली होती. इतकं हलकं वाटावं, याचा मला हक्क आहे का? नसेल. वाटलं एवढं खरं.

माझ्यासाठी काही मागत नाही. एक काम मात्र करा. ते पिवळं पत्रक तुमच्यापर्यंत आलं असेल, एखाद्या पुस्तकात, ड्रॉवरमध्ये, वाचनालयाच्या फळ्यावर असेल, तर शोधा. चौथ्या ओळीत अण्णांचं नाव आहे. ते खोडा. पत्रकाच्या तळाशी लिहिणारीचं नाव छापलंय — तेच त्या जागी लिहा. आणि तुम्ही ते ज्याला वाचायला दिलं होतं, त्याला बोलावून दाखवा.