सप्तपाताळाची सभासद

ग्रंथपालाच्या नोकरीत पुस्तकं मोजावी लागतात, किस्से मोजायला कोणी सांगत नाही. पुस्तक हरवलं तर लेखी खुलासा द्यावा लागतो. किस्सा मात्र दुसऱ्याला दिला तरी आपल्याकडे राहतोच. त्यामुळे बारा वर्षांत माझ्याजवळ कपाटात मावणार नाहीत एवढे किस्से जमले आहेत. त्यातले निम्मे एकट्या समीक्षाचे.

आमचं गाव धाड या बाजारगावाहून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण वाचनालयाचे अध्यक्ष अजून अध्यक्षच आहेत. ते निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. गुरुजींनी हयातभर पोरांना ‘वाचा, वाचा’ सांगितलं, स्वतः मात्र कधी तो त्रास घेतला नाही. पुस्तकांची खरेदी तेच करतात. प्रकाशकाची यादी समोर घ्यायची, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि नाव बरं वाटलं की खूण करायची. तीन वर्षांपूर्वी अशीच त्यांनी ‘सप्तपाताळ’वर खूण केली. त्यांना वाटलं पुराण आहे.

पुराण नव्हतं. शाळेच्या बारवेतून पाय घसरून खाली पाताळात गेलेल्या केतकी नावाच्या मुलीची ती सात भागांची जाडजूड गोष्ट होती. अतल, वितल, सुतल असा एकेका लोकाचा एकेक भाग. सोबतीला मयूख नावाचा दैत्यांचा पोरगा. आमच्याकडे त्यातले पहिला, दुसरा आणि चौथा असे तीनच भाग आले. मुखपृष्ठावर पाच फण्यांचा नाग होता, म्हणून गुरुजींनी ते धार्मिकच्या कपाटात ठेवायला लावले. तिथे ते वर्षभर हरिपाठाशेजारी उभे होते. कोणी हात लावला नाही. मीही नाही.

* * *

समीक्षा तेव्हा आठवीत होती. शेजारच्या खेड्यावरून आमच्या गावच्या शाळेत यायची. वडील रामेश्वरभाऊ मिरची-वांगी करायचे आणि धाडच्या बाजारात दुकान लावायचे. शाळा पाचला सुटायची, बस तिच्या मर्जीने यायची आणि वाचनालय स्टँडच्या समोरच. पोरगी पहिल्यांदा आली ती पाणी प्यायला. प्याली, कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहिली आणि मला विचारलं, “मॅडम, ही पोथी आहे का गोष्ट?”

मी म्हटलं, मला माहीत नाही.

“मंग मी पाहून सांगतो,” ती म्हणाली.

आठ दिवसांनी बस नेमकी वेळेवर आली. कंडक्टरने दोनदा घंटी दिली, बस निघून गेली, आणि ही खिडकीपाशी मान खाली घालून तशीच बसलेली. अंधारायला लागलं तसे रामेश्वरभाऊ मोटारसायकल घेऊन शोधत आले. बस कशी चुकली म्हणून त्यांनी दारातूनच विचारलं.

“बस आलती बाबा,” पोरगी म्हणाली. “पन मी वितलात होती.”

 रामेश्वरभाऊ माझ्याजवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, “मॅडम, हे वितल कोन्या तालुक्यात येते?”

* * *

गुरुजींच्या पत्नी, सरलाकाकू, गावातल्या बायकांना पोथी वाचून दाखवतात. त्या वर्षी अधिक महिना लागला आणि काकूंचा निरोप आला की नेहमीच्या पोथ्या सगळ्यांच्या पाठ झाल्या आहेत, कपाटात नवीन काही असेल तर पाठवा. समीक्षाचा पहिला भाग वाचून झाला होता. मी तो पाठवून दिला. मुद्दाम पाठवला असं काकूंना आजही वाटतं. मी नाही म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी मी मारुतीच्या देवळात डोकावले. पुस्तक पाटावर, त्याला हळद-कुंकू, शेजारी समई. दहा-बारा बायका पदर घेऊन बसलेल्या. काकू चालीत वाचत होत्या, की केतकी मयूखाच्या घरी गेली, त्याच्या आईने तिला भेळ दिली आणि केतकीने ती खाल्ली.

मागून एका म्हातारीने शंका काढली, “दैत्याच्या घरचं खाल्लं, आता वर येता येईन का हिले?”

काकू थांबल्या. दोन पानं पुढे उलटली, दोन मागे. मग म्हणाल्या, “बायांनो, ही पोथी नाही वाटते.”

 समईची वात नीट करत एकजण म्हणाली, “नसन तं नसन. तुम्ही पुढं वाचा, पोट्टी तिथं अडकून पडली.”

मग दुसराही नेला; महिनाभरात दोन्ही भाग झाले. रोज अध्याय संपला की आरती व्हायची. आपल्या घरात पुण्य जमा होत आहे, असं गुरुजी सगळ्यांना सांगत होते.

* * *

शाळेची सहल लोणारला गेली. तिथे काय झालं ते मला तिच्या वर्गशिक्षकांनी सांगितलं, तेही तक्रार म्हणून. सरोवराच्या काठावर गाइडने लवणासुराची गोष्ट रंगवून सांगितली. तो जमिनीखाली कसा राहायचा, विष्णूने अंगठ्याने झाकण कसं उडवलं, त्याला कसं मारलं. सगळ्या पोरी ऐकत होत्या. समीक्षाने हात वर केला आणि विचारलं, की लवणासूर अतलातला होता, वितलातला होता की आणखी खालचा?

गाइडला हा प्रश्न वीस वर्षांत कोणी विचारला नसावा. त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी पाण्याकडे पाहिलं.

“बाई,” गाइड म्हणाला, “तो लोकल होता.”

परतीच्या वाटेवर वर्गातल्या सगळ्या पोरी जमिनीला कान लावून पडल्या होत्या, बसमध्ये चढायला तयार नव्हत्या. ही वाचनालयाची शिस्त आहे का, असं सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे पंख्याखाली झोपतात, जमिनीला कान कोणी लावत नाही.

* * *

दुसरा भाग जिथे संपतो तिथे केतकी सुतलाच्या दाराशी उभी असते आणि दार उघडतं. पुढचं तिसऱ्या भागात. तो आमच्याकडे नव्हता. मी समीक्षाला म्हटलं, चौथा ने. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो परत कपाटात ठेवला.

तिने रीतसर अर्ज केला. वहीचं पान फाडून, वर ‘प्रति, माननीय अध्यक्ष’ लिहून, खाली मैत्रिणींच्या सह्या घेऊन. गुरुजींना अर्ज फार आवडतात. त्यांनी तो दोनदा वाचला, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि मला उत्तर टाइप करायला सांगितलं. ते उत्तर माझ्या फाइलला अजून आहे. ‘आपला अर्ज प्राप्त झाला. सदर ग्रंथाचा चौथा भाग वाचनालयात उपलब्ध असल्याने तिसऱ्या भागाची आवश्यकता दिसून येत नाही.’

समीक्षाने ते पत्र हातात धरून तिथेच वाचलं.  घडी केली, दप्तरात ठेवली आणि स्टँडवर न जाता मारुतीच्या देवळाकडे निघाली.

त्या दिवशी काकूंनी गुरुजींना काय सांगितलं ते मला माहीत नाही. सुतलाच्या दाराशी एकटी समीक्षाच ताटकळत नव्हती, दहा-बारा बायकाही होत्या, एवढं मला ठाऊक होतं. आठवड्याच्या आत तिसरा भाग आला आणि त्याच्यामागे पाचवा, सहावा, सातवाही. गुरुजींनी पार्सल स्वतः फोडलं आणि म्हणाले, “संच अपुरा ठेवू नये मॅडम. तुमच्या लक्षात यायला पाहिजे होतं.”

* * *

आता जे सांगते त्यात मला हसू येत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सहामाहीच्या भूगोलाच्या पेपरात ‘पृथ्वीच्या अंतरंगाचे थर आकृतीसह लिहा’ असा प्रश्न आला. समीक्षाने भूकवच, प्रावरण, गाभा लिहिलं, आणि जागा उरली म्हणून त्याखाली सातही पाताळं काढली. कोणत्या लोकात कोणाचं राज्य, उजेड कुठून येतो, सगळं बाण दाखवून. वर्गशिक्षक सरांनी जाब विचारला तर म्हणाली, “सर, तुमचे तीन लिहले, माहे सात लिहले. जास्तीचे मार्क मागून नाही राह्यली मी.”

सरांनी पेपर शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवला. सगळे पोट धरून हसले. खिडकीबाहेर मुली उभ्या होत्या आणि त्यांच्यात समीक्षाही होती. मग सरांनी वडिलांना बोलावलं आणि पोरगी हातची चालली म्हणून सांगितलं.

रामेश्वरभाऊ शाळेतून तडक माझ्याकडे आले. समीक्षा दाराबाहेर पायरीवर बसली. ते टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, की मॅडम, पोरीचं नाव कमी करा. तिने घरी नेलेले दोन भाग त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. त्यांना राग आला नव्हता. चार माणसांत आपल्या लेकराला हसले, एवढंच त्यांना लागलं होतं.

नाव कमी करायचं तर नोंदवही उघडावी लागते. मी उघडली. समीक्षाच्या पानाच्या आधी त्यांचंच पान आलं आणि त्यांनी वाचलं. रामेश्वरभाऊ सातवीपर्यंत शिकलेले आहेत.

सरकारी अनुदानाच्या तपासणीला वाचक दिसावे लागतात. म्हणून गुरुजी मतदारयादीतून नावं सांगायचे आणि मी महिन्याच्या महिन्याला त्यांच्या नावावर पुस्तकं चढवायचे. अक्षर माझं, शाई माझी. रामेश्वरभाऊंच्या नावावर मी किती वर्षं काय काय चढवलं होतं ते मलाच आठवत नव्हतं. चरित्रं, प्रवासवर्णनं, दोन खंडांचा इतिहास, कवितासुद्धा.

त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून पूर्ण पान वाचलं. मी खाली पाहत होते.

“मी वाचले हे सारे?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “हो भाऊ. नोंदीप्रमाणे.”

“यातलं एखादं चांगलं होतं का?”

 त्यातलं एकही मी वाचलं नव्हतं.

त्यांनी वही मिटली. टेबलावरचे दोन्ही भाग उचलून परत पिशवीत टाकले. “माह्या नावावर एवढे गेले,” ते म्हणाले, “तं पोरीचे दोन राहू द्या.”

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी समीक्षाला न्यायला येऊ लागले. पोरगी मागे बसायची आणि गाडी सुरू व्हायच्या आत तिचं तोंड सुरू व्हायचं. वाचनालयाच्या खिडकीतून दिसायचं, रस्त्याच्या वळणापर्यंत तिचे हात हवेत चाललेले असायचे.

* * *

गेल्या वर्षी वाचनालयाचा वर्धापनदिन झाला. शाळेच्या मैदानात मंडप, जिल्ह्याहून एक साहेब पाहुणे. उत्कृष्ट वाचकाचा सत्कार ठरला होता आणि गुरुजींनी तो स्वतःसाठी ठरवला होता. शाल त्यांनीच निवडून आणली होती. पण साहेब शिस्तीचे निघाले. म्हणाले, नाव नोंदवहीवरून काढू, म्हणजे कोणाची तक्रार राहणार नाही. गुरुजींनी मोठ्या अभिमानाने नोंदवही पुढे केली.

साहेबांनी एकेक पान पाहिलं आणि माइकवर नाव वाचलं, रामेश्वरभाऊंचं.

ते मंडपाच्या मागे मोटारसायकलला टेकून उभे होते, समीक्षाला न्यायला आलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  लोकांनी ढकलत त्यांना पुढे आणलं. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला, आणि रामेश्वरभाऊ जायला निघाले तसा माइक त्यांच्या हातात दिला. म्हणाले, एवढी पुस्तकं वाचलीत, आवडलेल्या एखाद्याबद्दल दोन शब्द बोला.

रामेश्वरभाऊंनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. समीक्षा मुलींच्या पहिल्या रांगेत बसली होती. तिची मान एवढीशी हलली.

“एक पोट्टी होती,” रामेश्वरभाऊंनी सुरुवात केली. “शाळेच्या बारवेत पाय घसरला तिचा.”

मग ते थांबलेच नाहीत. अतल सांगितलं, वितल सांगितलं. मयूखाचा आवाज वेगळा काढला, नागाचा वेगळा. एका ठिकाणी केतकी रथातून गेली असं म्हणाले, तर बायकांच्या रांगेतून सरलाकाकू म्हणाल्या, “पायी गेली, भाऊ,” आणि त्यांनी मान्य केलं. मग सुतलाच्या दाराशी आले. “दारावर पहारेकरी कोन, तं खुद्द देव,” ते म्हणाले. “ज्यानं सारं मागून नेलं तो दारात उभा. ज्याचं सारं गेलं तो बळीराजा आत गादीवर. मले हे लई पटलं.”

साहेबांचा चहा गार झाला. वर्गशिक्षक मंडपाच्या खांबाला टेकून ऐकत होते. टाळ्या पडल्या त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. बापलेक गाडीवर बसून निघून गेले तरी लोक जागचे उठले नव्हते.

साहेबांना गाडीत बसवून गुरुजी माझ्याकडे आले. नोंदवही त्यांच्या काखेत होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, “मॅडम, रामेश्वर एवढं वाचते, हे मले माहीतच नव्हतं.”