वाफेनं पेन निवडलं

लॉन्ड्रीत काम करणाऱ्या त्या मुलीला सगळी गल्ली 'वाफ' म्हणते. तोंडावर नाही हं. तोंडावर म्हणायची छाती अजून कुणाची झालेली नाही. तिची पाठ वळली की म्हणतात. एक तर ती दिवसभर मावशीच्या दुकानात वाफेच्या इस्त्रीपाशी उभी असते. दुसरं कारण हवं असेल तर तिच्याशी दोन वाक्यं बोलून बघा. एकदा एक गिऱ्हाईक नुसतं म्हणालं, "ताई, कॉलर जरा कडक हवी होती." पुढचा आठवडाभर तो गृहस्थ मान वर करून हिंडत होता, कॉलर हनुवटीला टोचायची म्हणून. लोकांना वाटलं, याला बढती मिळाली.

तर ही वाफ दिवसा इस्त्री करते आणि संध्याकाळी कायद्याच्या कॉलेजात जाते. ती वकील होणार म्हटल्यावर गल्लीत दोन पक्ष पडले. एक म्हणाला, बरोबर आहे, नाहीतरी भांडतेच, तर पैसे घेऊन भांडावं. दुसऱ्या पक्षाला न्यायाधीशाची काळजी लागून राहिली.

पण गेल्या परीक्षेत तिचा करार कायद्याचा पेपर राहिला. येत नव्हतं म्हणून नव्हे, धडेच्या धडे तिला पाठ होते. हातानं दगा दिला. दिवसभर इस्त्री दाबून मनगट आधीच ठणकत असायचं, त्यात हातात बॉलपेन, आणि बॉलपेनला जोर द्यावा लागतो. दोन प्रश्न झाले, तिसरा अर्ध्यावर आला आणि हात असा आखडला की बोटं उघडेनात की मिटेनात. उरलेला वेळ ती डाव्या हातानं उजवा हात चोळत बसली. उत्तरं डोक्यात आणि पुढचा कागद कोरा. त्या दिवशी ती इतकी संतापली होती, की घरी आल्यावर तिच्याशी बोलायला कुणी तयार होईना, आणि कुणी बोलत नाही म्हणून ती आणखी संतापली.

आता फेरपरीक्षा तोंडावर आली होती. ही शेवटचीच संधी. मावशीनं स्पष्ट सांगून टाकलं होतं, "बाई गं, यंदा काय ते कर. पुढच्या वर्षी मला संध्याकाळीही दुकानात माणूस लागणार. तुझ्या पुस्तकांसाठी मी किती दिवस एकटीनं गाठोडी उचलू?" म्हणजे पेपर पुन्हा राहिला की कॉलेज संपलं आणि जन्मभर कॉलरी.

वाफेनं विचार केला. कॉलेजात एकदा कुणाचं तरी शाईचं पेन हातात घेतलं होतं, ते नुसतं कागदावर टेकवलं की चालत होतं. जोर नाही, दाब नाही. तिनं ठरवलं, आपणही शाईचं पेन घ्यायचं. स्वस्त, दणकट, रोज वापरता येईल असं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक एवढीच झाली, की हे ती घरी जेवताना बोलली.

तिचा थोरला भाऊ, दादा, एका गोदामात पावत्यांवर सह्या करायच्या नोकरीला आहे. स्वभावानं चांगला, पण बहिणीच्या बाबतीत न विचारता पुढे होण्याची त्याला खोडच आहे. तो लगेच म्हणाला, "तू यात पडू नकोस. पेन मी आणतो."

"दादा, माझं मी बघते."

"वकिलाचं पेन कसं वकिलासारखं हवं. तुला काय कळतंय त्यातलं?"

दुसऱ्या दिवशी मखमली डबी आली. आत सोनेरी पेन, टोपणावर वेलबुट्टी. घरी येण्याआधी दादा वाटेत शिंप्याला, वाण्याला आणि दवाखान्याबाहेर नंबर लावून बसलेल्या लोकांनाही ते दाखवून आला होता. "दुकानात स्वतः सही करून बघितली," तो म्हणाला, "लोण्यासारखं चालतं!"

वाफेनं त्यात शाई भरली आणि सरावाला बसली. पहिलं पान खरंच लोण्यासारखं गेलं. दुसऱ्या पानावर अक्षरं फिकी झाली, मग तुटायला लागली, मग पेन नुसतं कागद खरवडायला लागलं. तिनं झटकलं. थेंब भिंतीवर गेले. शिवाय ते जड इतकं की पेन धरलंय की दाराची कडी, असा प्रश्न पडावा. बोटं बॉलपेनपेक्षा लवकर दुखायला लागली.

"तुझ्या हातातच दोष आहे," दादा म्हणाला. "माझी सही कशी झाली मग?"

वाफेनं दात आवळले. भावानं हौसेनं आणलंय म्हणून गप्प बसली, आणि असं गप्प बसणं तिच्या प्रकृतीला कधीच मानवत नाही. तरी तिनं ते पेन दुकानात नेलं, गिऱ्हाईक नसताना लिहायला. एप्रनच्या खिशात ठेवलं आणि इस्त्रीपाशी उभी राहिली. पेन अर्धं रिकामं, समोर वाफ, खोलीत भट्टीसारखा उकाडा. थोड्या वेळानं तिला खिशात ओलसर लागलं. बघते तर पेनानं सगळी शाई ओकून टाकली होती. एप्रनमधून ती समोर इस्त्रीला घेतलेल्या शर्टावर उतरली होती, आणि शर्ट होता दवाखान्यातल्या डॉक्टरांचा, पांढराशुभ्र.

मावशी धावत आली. "अगं, लोक माझ्याकडे शाईचे डाग काढायला येतात! तू घालायला बसलीस?"

"मी घातले का? पेनानं घातले!"

"मग पेनाला सांग डॉक्टरांच्या घरी जाऊन यायला."

मावशी डाग घासत बसली आणि वाफेनं एप्रन काढून फेकला. आता मात्र तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. परीक्षा चार दिवसांवर आली होती. ती तशीच, निळ्या हातांनी, पेनाच्या दुकानाकडे निघाली. वाटेत दादा भेटला. तिचा अवतार बघून त्यालाही बरोबर यावं लागलं, कारण पेन त्यानं आणलेलं होतं आणि प्रश्न त्याच्या इभ्रतीचा होता.

पेनवाले काका म्हणजे काचेच्या कपाटांमागे बसलेले गोड बोलणारे गृहस्थ. वाफेनं पेन काउंटरवर आपटलं. "हे परत घ्या."

"वापरलेलं पेन परत घेत नाही, ताई. वापरलेला टूथब्रश कुणी परत घेतं का?"

"टूथब्रश दोन दात घासून बंद पडत नाही!"

काका हसले. त्यांनी पेन दौतीत बुडवलं आणि कागदावर लांबलचक सही ठोकली. "बघा. चालतं की नाही?"

"बघ!" दादा म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

"शाईत बुडवल्यावर काडीसुद्धा चालेल!" वाफ ओरडली. "भरून दोन पानं लिहून दाखवा! आणि काका, माल ज्या कामासाठी घेतला त्या कामाला यायलाच हवा. कायदा आहे तसा."

काका जरा चपापले. "कुठला कायदा?"

आता इथे दादानं गप्प बसायचं की नाही? पण त्याला बहिणीचा अभिमान दाटून आला. "तिला सगळं माहीत असतं, काका. कायदा शिकतेय ती. करार कायद्याचाच तर पेपर राहिलाय तिचा!"

दुकानात दोनचार गिऱ्हाइकं होती, ती खुदकन हसली. काकांना तर हुरूपच आला. "राहिलेल्या विषयातला कायदा मला शिकवता होय, ताई? आधी पास तरी व्हा!"

वाफेचे कान लाल झाले. तिनं दादाकडे असं बघितलं की तो कपाटातल्या दौती मोजायला लागला. मग ती काकांकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. तिला ओळखणाऱ्यांना विचारा, तिचा आवाज खाली आला की पळावं.

"ठीक आहे. मला आज एक पेन घ्यायचंय. मी निवडणार. पण बुडवून नाही, भरून. आणि सही करून नाही, पानं लिहून."

"हे दुकान आहे, परीक्षेचा हॉल नाही."

"मग मी दाराशी उभी राहते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, बुडवून दाखवलेलं पेन घरी गेल्यावर का रुसतं ते."

शेजारी एक बाई पेन निवडत होत्या. त्यांनी हातातलं पेन हळूच खाली ठेवलं. काकांनी ते बघितलं आणि मुकाट्यानं कागद पुढे केले.

मग वाफ काउंटरला कोपर टेकवून लिहायला लागली. विषय तिनं मुद्दाम निवडला: सदोष माल विकला तर गिऱ्हाइकाचे हक्क. पहिलं पेन दिसायला देखणं, पण निब इतकी बोचरी की कागदाचा धागा धागा उचकटत होती. दुसऱ्याचं टोपण सैल; म्हणजे टोपण खिशात आणि पेन रस्त्यात. एक तर इतकी शाई सोडत होतं की पानामागचं पानही आपोआप लिहून झालं. काका दर वेळी म्हणायचे, "हे फार चालतं हो," आणि ती दर वेळी म्हणायची, "तुमच्या दुकानात चालत असेल, माझ्या हातात चालत नाही."

शेवटी तिची नजर सगळ्यात खालच्या कप्प्यात गेली. तिथे एक करडं, जाडसर, प्लॅस्टिकचं पेन पडलं होतं. फिरकीचं टोपण, स्टीलची साधी निब.

"ते?"

"ते नको, ताई. शाळकरी मुलं नेतात ते. दिसायला अगदीच हे आहे."

"मला त्याच्याशी लग्न करायचंय का?"

दादासुद्धा हसला, आणि बहिणीनं बघितल्यावर खोकला.

त्या पेनानं तिनं पहिलं पान लिहिलं, दुसरं लिहिलं. तिसऱ्या पानावर काका उलट्या बाजूनं उत्तर वाचायला लागले होते, आणि त्यांचा चेहरा काही आनंदी दिसत नव्हता. पेन हलकं होतं, टेकवलं की चालत होतं. बोटं मोकळी होती.

"पाडून बघू?" तिनं विचारलं.

"आधी विकत घ्या, मग गच्चीवरून फेका!"

तिनं टोपण घट्ट केलं आणि पेन तिथेच सोडलं. ते घरंगळत कपाटाखाली गेलं. काकांनाच वाकून, कुंथत, काढावं लागलं. तिनं लिहून बघितलं, ते चाललं.

"आणि उकाड्यात ओकतं का? मी इस्त्रीपाशी उभी असते."

"अर्धं रिकामं ठेवून गरम जागी न्याल तर कुठलंही ओकेल," काका वैतागून म्हणाले. "आत हवा फुगते. काठोकाठ भरून, निब वर करून ठेवायचं. आणि इस्त्रीपाशी न्यायचंच कशाला?"

"हे दादाला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी कुठं विचारलं? त्यांनी विचारलं, सोनेरीत काय काय आहे."

दादा पुन्हा दौतींकडे वळला.

अखेर काकांनी सोनेरी पेन घेतलं आणि त्याच्या बदल्यात ते करडं पेन, शाईची मोठी बाटली आणि दोन जादा निबा दिल्या. त्यातही काकाच फायद्यात होते, हे वाफेला पक्कं ठाऊक होतं. परीक्षा झाल्यावर यांच्याकडे पुन्हा येणार, असं ती दारातून मोठ्यानं सांगून आली.

दोघं घराकडे निघाले. रस्त्यात दादा म्हणाला, "चार माणसांत माझी शोभा केलीस."

"मी? पेपर राहिलाय म्हणून दवंडी कुणी पिटली?"

"मी कौतुकानं बोललो."

"तुझं कौतुक मला फार महागात पडतं, दादा! मी सांगितलं होतं ना, माझं मी बघते? एकदा तरी ऐकतोस का?"

दादा थांबला. खाली बघत म्हणाला, "मी आयुष्यात सहीच्या पुढे कधी काही लिहिलं नाही गं. दुसऱ्या पानावर पेन काय करतं, मला कुठून कळणार?"

आता दादावर रागावणं वाफेला जमेना. त्याचाच तिला इतका राग आला की ती उरलेला रस्ता त्याच्यापुढे दहा पावलं चालत गेली.

पुढचे दिवस तिनं त्या करड्या पेनानं पानंच्या पानं लिहिली. मावशीनं तिला इस्त्रीवरून काढून कपड्यांच्या घड्यांना बसवलं. मनगटाला विसावा म्हणून नव्हे, डॉक्टरांच्या दुसऱ्या शर्टाच्या काळजीनं, असं मावशी स्वतःच सांगत होती.

परीक्षेच्या दिवशी दादा गोदामातून लवकर सुटून कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मुलं बाहेर यायला लागली. कुणी हसत, कुणी कपाळाला हात लावून. सगळ्यांत शेवटी वाफ आली. चेहरा लालभडक, बोटांना शाई, चाल अशी की समोरचा माणूस आपणहून बाजूला व्हावा.

"किती प्रश्न राहिले?" दादानं भीत भीत विचारलं.

"एकही नाही! पण तो शेवटचा प्रश्न ज्यानं काढला ना, त्याला माझ्यासमोर उभा कर! म्हणे एका माणसानं घर रंगवायला रंगारी बोलावला. रंगारी चुकून शेजारच्याचं घर रंगवून आला. शेजारी घरातच होता, खिडकीतून सगळं बघत होता, पण एक शब्द बोलला नाही. तर आता पैसे कुणी द्यायचे?"

दादानं विचार केला. "ज्यानं बोलावलं, त्यानं."

"का? त्याचं घर तर तसंच आहे!"

"मग शेजाऱ्यानं."

"त्यानं कुठं सांगितलं होतं रंगव म्हणून?"

"मग बुडाला रंगारी. न विचारता दुसऱ्याच्या भिंतीला हात कशाला लावायचा?"

"एवढं सोपं असतं तर परीक्षा कशाला घेतली असती?" वाफ भर रस्त्यात थांबून ओरडली. चहा पिणारी दोन माणसं वळून बघायला लागली.

दादा आज काही मागे हटायला तयार नव्हता. तो तिच्या बरोबरीनं चालत, हात उडवत म्हणाला, "पण शेजारी बघत होता ना? मग गप्प का बसला तो?"

"तेच!" ती त्याच्यावर खेकसली. "तेच तर चार पानं लिहून आलेय मी!"