आळ्यातलं तेल

तापातून आई उठली, पण तोंडाची चव तापासोबतच गेली. समुद्रपूरच्या घरी ती दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि मग बाबांचाही घास घशाखाली उतरायचा नाही. डॉक्टर म्हणाले, "काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या." तेच तर होत नव्हतं. आई वाळत चालली होती आणि मला फार भीती वाटत होती.

मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे अडचणीत उपाय सुचला नाही, तरी माझ्याकडे व्याख्यान तयार असतं. ते मी ओट्यापाशी उभ्या बाबांना दिलं. तेलातल्या मेदाम्लांना पेशीच्या आत शिरावंच लागतं असं नाही. पेशीच्या अंगावर त्यांना ओळखणारी प्रथिनं असतात, त्यांना ग्राही म्हणतात. मेदाम्ल बाहेरून तिथं चिकटलं, की आत निरोप पोचतो. जिभेवरचे ग्राही सांगतात, स्निग्ध काहीतरी आलं. आतड्यातले सांगतात, आता पुरे.

"म्हंजे दारातून हाक मारली का आत चहा ठेवतेत, तसं," बाबा म्हणाले.

"अगदी तसंच."

"मंग मारून पाहू हाक."

"पण बाबा, चमचाभरच. आतडं आधीच पुरे म्हणालं तर ती जेवणार कशी?"

आमच्याकडे जवसाच्या चटणीत बोटानं आळं करतात आणि त्यात कच्चं तेल ओततात. बाबांनी आळं केलं, चमचा बाजूला ठेवला आणि बरणीच वाकडी केली. आळं फुटून तेल ताटभर झालं. मी चिडले. त्यांनी ताट तसंच आईपुढे नेऊन ठेवलं.

तिनं भाकरीचा तुकडा त्यात बुडवला. बराच वेळ चावत राहिली. चावताना तेलातून थोडी मेदाम्लं सुटी होतात, हे मला पाठ होतं, तरी मी श्वास रोखूनच बसले होते.

"चव लागली का गं?"

"चवीचं नाई मालूम मले," ती म्हणाली. "पन हे काम तुह्या बाबाचं. लग्नापासून असंच सांडून राह्यले."

आणि तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. भाकर संपली तशी तिनं अर्धी आणखी मागितली. आतडं पुरे म्हणत असेल तर तिनं ते ऐकलं नाही.

मग तिनं बाबांचं ताट पुढे ओढलं, त्यांच्या चटणीत स्वतःच्या बोटानं आळं केलं आणि म्हणाली, "आता तुमी बी जेवा ना."