पात्याचा मान

आमच्या घरी आइस्क्रीमचा पॉट होता. लाकडी बादली, मधे पत्र्याचा डबा, डब्यात लाकडी पातं. उन्हाळ्यात यांनी बर्डीच्या बाजारातून गोणपाटात गुंडाळलेला बर्फ सायकलवर आणायचा, सासूबाईंनी त्यावर जाडं मीठ घालायचं आणि दांडा मी फिरवायचा, अशी वाटणी होती. आणि एक रीत होती: जो दांडा फिरवेल, पातं त्यानं चाटायचं. वाटी सगळ्यांनाच मिळते, पात्याला चिकटलेलं मात्र एकाचंच. प्रतापनगरच्या या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून तो मान माझा होता.

सत्तरच्या दशकात, ऐन तिशीत, मला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर, भात, बटाटा, आंबा सगळं एका दमात बंद केलं. राहिली ज्वारीची अर्धी भाकर, भाज्या आणि बेतानं दही-दूध. भाताचं मला काही वाटलं नाही. पण त्या उन्हाळ्यात मी घामाघूम होईस्तोवर दांडा फिरवला आणि सासूबाईंनी पातं काढून माहेरी आलेल्या नणंदेच्या हातात दिलं.

"तुले चालत नाही नं वं," एवढंच त्या म्हणाल्या.

काळजीनंच म्हणाल्या, हे मला कळत होतं. तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पातं परत मिळवायचंच, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

साय खायला डॉक्टरांची ना नव्हती. रोजची साय साठवली, थोडं दूध, वेलची, चारोळी. गोडीला सॅकरिनच्या गोळ्या. त्या मी साखरेसारख्याच उकळत्या दुधात टाकल्या आणि सगळं कडूजहर झालं.

"वयनी, कारल्याचं आइस्क्रीम करून राहिली का?" नणंद म्हणाली.

मी अख्खा डबा मोरीत ओतला आणि पुन्हा साय साठवायला घेतली. पुढच्या खेपेला गोळ्या चमचाभर पाण्यात विरघळवून, दूध पार गार झाल्यावर घातल्या. या वेळी नणंदेनंच वाटी पुढे केली.

सासूबाई मात्र बधेनात. "गोड लागते म्हणजे साखर चढनच," त्यांचा हिशेब सरळ होता.

तेव्हा घरी साखर तपासायची म्हणजे लघवीतली. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर पास. हिरवं, पिवळं, विटकरी झालं की साखर आलीच. सासूबाईंना हा प्रकार घरात खपत नसे, म्हणून माझी प्रयोगशाळा मागच्या अंगणात, पेरूखाली. त्या दुपारी मी वाटीभर आइस्क्रीम चवीचवीनं खाल्लं आणि दोन तासांनी दिवा पेटवला. हे आले, नणंद आली. नळीच्या वाऱ्यालाही उभ्या न राहणाऱ्या सासूबाई नाकाला पदर लावून आल्या.

नळीत बुडबुडे आले. निळे. मी दिवा विझवला, तरी निळंच.

"उजेडात धर," सासूबाई म्हणाल्या.

मी नळी उन्हात धरली. त्यांनी नाकावरचा पदर काढला, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "निळंच हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मला तर अंगणात फुगडी घालावीशी वाटत होती.

पुढच्या रविवारी बर्फ आला. मी साखरेचा डबा खाली काढला तर सासूबाईंनी तो उचलून परत फळीवर ठेवला.

"पॉट आता एकच होईन, हिच्या गोळ्यांचा. ज्याले साखर पाह्यजे त्यानं वरून घ्यावं."

मी दांडा फिरवला. इतका जोरात की हे म्हणाले, बादली फुटेल. डबा उघडला, सासूबाईंनी पातं वर काढलं, डब्याच्या काठावर न निपटताच माझ्यापुढे धरलं. नणंद साखरेचा चमचा घेऊन उभी होती. मी तिच्यासमोरच पातं चाटायला घेतलं आणि असं लख्ख केलं, की त्या दिवशी ते घासायला टाकावं लागलं नाही.