राउटरला लावलेलं कुंकू

दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा करायला माझी हरकत नाही. माझ्या माहेरीही शिलाई मशीनला हार घालत. पण पूजा झाल्यावर वस्तू जिथली तिथे, जशीच्या तशी ठेवावी, एवढी अक्कल पूजा करणाऱ्याला नको का?

आमच्या मुलुंडच्या घरात हे खातं नवऱ्याकडे. यंदा त्याने गाडी धुतली, मिक्सर पुसला, कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा राउटर वायरी काढून पाटावर मांडले. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत वायरी परत खोचल्या आणि साहेब ऑफिसला गेले.

त्याच दिवशी अकरा वाजता माझा इंटरव्ह्यू होता. मुलगी झाली तेव्हा अकाउंट्सची नोकरी सोडली, त्यानंतर इतक्या वर्षांनी कोणीतरी मला बोलावलं होतं. घरूनच करायचं काम. आधी कॉम्प्युटरवर परीक्षा, मग बोलणं. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

कॉम्प्युटर चालू केला तर म्हणे वाय-फाय जोडलेलं आहे, पण इंटरनेट नाही. बंद केला, चालू केला. तेच. मोबाइलचं नेट जोडून पाहिलं, पण आमची इमारत डोंगराच्या कुशीत, रेंज आली तर आली. परीक्षेचं पान अर्धवट उघडून नुसतं गरगरत राहिलं. मग इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"राउटर रिस्टार्ट करा, मॅडम."

"केला."

"परत एकदा करा ना."

परत केला. मग हेल्पलाइनवरच्या मुलीने विचारलं, "इंटरनेटच्या दिव्याचा रंग कोणता आहे?"

राउटर शोकेसच्या मागे, अंधुक उजेडात. मी वाकून पाहिलं. "लाल."

"मग बाहेरच्या लाइनचा फॉल्ट आहे, मॅडम. उद्यापर्यंत माणूस येईल."

यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "सणासुदीचं असं तोंड सोडू नये गं." सण काल झाला होता. माझी वाट आज लागत होती.

रागाच्या भरात मी राउटर ओढून उजेडात आणला. लाल दिवा नव्हताच. कुंकू होतं! बोटाने बरोब्बर दिव्यावर टेकवलेलं. पुसलं, तर खालचा दिवा पेटलेलाच नाही. मागे पाहिलं, तर बाहेरून येणारी वायर भलत्याच भोकात, आणि तिच्या हक्काच्या निळ्या भोकात झेंडूची पाकळी. तळपायाची आग मस्तकात गेली. पाकळी उपटली, वायर लावली, दिवा हिरवा झाला. एवढंच काम होतं.

तोवर परीक्षेचं पान बंद झालं होतं. मी इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना फोन करून खरं ते सांगितलं. पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "घरून काम करायचं तर घरचं कनेक्शन नीट हवं ना, मॅडम. आम्ही कळवू." कळवणार नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी नवरा आला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"पूजेनंतर गाडी चालू करून बघितलीस?"

"हो, दोनदा. पाणी गेलं असलं तर इंजिनात?"

"आणि कॉम्प्युटर?"

तो बूट काढता काढता म्हणाला, "तो कशाला? आज कोणाला लागणार होता?"

त्याच्या डोक्यावरच, दाराच्या खुंटीला, इंटरव्ह्यूला घालायचा माझा इस्त्रीचा कुर्ता लटकत होता. आठवड्यापूर्वी तो त्यानेच लाँड्रीतून आणला होता.