लाईट गेली नव्हती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, तेही तिने डोळ्यांनी पाहिलं म्हणून. तुम्हाला सांगतोय — काऊन सांगतोय, ते मलाही धड कळत नाही. पोटात ठेवून ठेवून ते आता नासायला लागलंय, एवढंच.

मी चिखलीत राहतो आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. गल्लीतल्यांना वाटतं, हा वरच्या खोलीत दिवसभर कॉम्प्युटरशी खेळतो. काम असं आहे — एका मोठ्या सर्व्हरमध्ये बरेच आभासी कॉम्प्युटर चालतात. प्रत्येकाला वाटतं, एवढी मेमरी माझी. खरं म्हणजे ती त्याला दिलेलीच नसते. तो हात लावील तसतशी थोडी थोडी मिळते, आणि दर वेळी तो जरासा अडतो. पंगत बसल्यावर एकेकाला पत्रावळ शोधून द्यावी, तसा प्रकार. म्हणून आम्ही ठरवलं, आभासी कॉम्प्युटर सुरू करायच्या आधीच त्याची सगळी मेमरी भरून ठेवायची, म्हणजे पंगत बसायच्या आधीच पत्रावळी मांडून ठेवायच्या. ती भरायला कसं सांगायचं आणि उत्तर काय मिळणार, ही रीत ठरवणं म्हणजे इंटरफेस रचणं. तो मी रचला.

आणि मला त्याचा माज होता. खोटं कशाला बोलू? एक हाक, एक उत्तर. कुठून भरायचं, किती भरायचं ते सांगा. शून्य आलं की काम झालं. पुण्याच्या साहेबांनी ‘सुंदर’ असं लिहून पाठवलं होतं. त्या एका शब्दाचा मी स्क्रीनशॉट काढून ठेवला. असा मी माणूस.

अश्विनी आमच्या मागच्या गल्लीतली. तिच्या वडिलांचं बाजारात भाजीचं दुकान आहे. तिला कंपनीत मीच लावलं होतं, आणि सहा महिने काम बघून मग तिला पक्कं करणार होते. मला दादा म्हणायची. आभासी कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम ती लिहीत होती, म्हणजे माझ्या इंटरफेसला हाक मारणारी ती.

इंटरफेसचा माझा आराखडा कंपनीत सगळ्यांना ऑनलाईन दिसायचा; एक दिवस त्याच्या कडेला तिने एक प्रश्न लिहिला. भरता भरता काम मधेच थांबवावं लागलं, तर किती झालं आणि किती राहिलं हे कसं कळणार, दादा?

तुम्हाला वाटेल, मला हे सुचलंच नव्हतं. तसं असतं तर आज मी हे सांगत बसलो नसतो. मला माहीत होतं. सर्व्हरवर ताण आला की काम मधेच तुटायचं, आणि थोडं जरी भरलेलं असलं तरी माझा इंटरफेस शून्यच म्हणायचा. दुरुस्ती काय होती? किती राहिलं ते उत्तरात सांगायचं, आणि सगळं भरेपर्यंत पुन्हा पुन्हा हाक मारायला लावायची. दोन दिवसांचं काम. पण मग ‘एक हाक, एक उत्तर’ गेलं असतं. आणि चूक काढली कोणी? कालच्या पोरीने, तेही मीच आणलेल्या.

प्रश्नाच्या खाली ‘सुटला’ असं बटण असतं. ते दाबलं की प्रश्न कडेवरून नाहीसा होतो. मी उत्तर न देता ते दाबलं. वर आराखड्यात एक ओळ घातली — एकदाच हाक मारावी, शून्य म्हणजे पूर्ण. तिने त्याप्रमाणे प्रोग्राम लिहिला. पुन्हा विचारलं नाही. दादांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, नाही का?

मग जे व्हायचं तेच झालं. एका दवाखान्याचं काम आमच्या सर्व्हरवर होतं. सोमवारी सकाळी त्यांचे आभासी कॉम्प्युटर अर्धवट भरलेल्या मेमरीवर सुरू झाले, आणि गर्दी झाल्यावर सर्व्हरकडे द्यायला मेमरीच उरली नाही. दुपारपर्यंत पेशंटचे रिपोर्ट उघडेनात. त्या वेळात कोणाचं काही बरंवाईट झालं का, हे विचारायची माझी आजही हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मीटिंग. अश्विनी तिच्या घरून, मी माझ्या घरून, बाकी पुण्यात. साहेबांनी विचारलं, अर्धवट भरलं तर काय, याचा विचार कोणी केला होता की नाही? अश्विनी हळूच म्हणाली, मी दादांना विचारलं होतं. साहेब मला म्हणाले, खरं आहे का हे?

मी राऊटरची वायर उपटली.

आमच्याकडे लाईट जाते, हे पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. त्यावरून माझी थट्टाही करतात. त्यामुळे कोणाला शंका यायचा प्रश्नच नव्हता. बायको चहा घेऊन दारात उभी होती. डोक्यावर पंखा फिरत होता. तिने वायरीकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

“काऊन काढली हो वायर? लाईट त आहे.”

“तू जाय आत.”

ती गेली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि तेच मला जास्त जड जातं.

पण माझ्या लक्षात एक गोष्ट आलीच नव्हती. माझं घर आणि अश्विनीचं घर विजेच्या एकाच डीपीवर आहे. माझ्याकडची लाईट गेली की तिच्याकडची जाते. म्हणजे ती तिकडे उजेडात बसलेली, आणि साहेब सांगतायत की दादांकडे लाईट गेली. तिला त्याच क्षणी कळलं. एक वाक्य बोलली असती तर माझं पितळ तिथेच उघडं पडलं असतं. ती बोलली नाही. साहेबांनी आराखडा उघडला, कडेला प्रश्न दिसेना. सुटलेले प्रश्न बघायची सोय असते, पण कोणी ती उघडलीच नाही.

अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला. दादा, लाईट आली का?

मी लिहिलं, हो, आताच.

तिला पक्कं केलं नाही. कामात निष्काळजी, असा शेरा मारून पाठवलं. तिने सुचवलेली दुरुस्ती मी पुढच्या महिन्यात माझ्या नावावर केली. याला दोन वर्षं झाली. ती इथेच एका क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवते. तिची स्कूटी गल्लीतून गेली की मी खिडकीपासून मागे सरतो. आज बोलेल, उद्या बोलेल — असंच चाललंय.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. दुसऱ्या एका कंपनीत, याच कामासाठी, तिची शेवटची मुलाखत झाली होती. म्हणाली, जुन्या कामाची चौकशी करायला ते तुम्हालाच फोन करतील, दादा, तुमचं नाव दिलं, चालते न? मी म्हणालो, चालते न. तिला वाटलं असेल, या माणसाला आतून काहीतरी टोचत असेल. आता तरी खरं बोलेल.

त्यांचा फोन आला. बाई फार नीट बोलत होत्या. मी म्हणालो, पोरगी हुशार आहे. तिथेच थांबलो असतो तर? पण डोक्यात एकच होतं — ही पुन्हा या धंद्यात आली, की कधीतरी, कोणापुढे तरी सांगेल. त्यांनी विचारलं, आणखी काही?

मी म्हणालो, जरा घाई करते. तपासून बघत नाही.

आमच्या त्या कामात तपासून बघितलं होतं ते फक्त तिनेच.

काल तिचा मेसेज आला. नाही झालं, दादा. पण तुम्ही त्यांच्याशी बोलले, त्याबद्दल थँक्यू.

मी अंगठा पाठवला.